‘४८ तास आधी चाचणी घ्या’: खोक्यावरच्या ओळीमागचा इतिहास

केसांच्या रंगाच्या खोक्यात हातमोजे, डेव्हलपर (रंग उमटवणारे पेरॉक्साइडचे द्रावण) आणि रंगाची ट्यूब यांच्यासोबत घडी घातलेला एक कागद असतो. त्याच्या सुरुवातीलाच दोन सूचना असतात: रंग लावण्याच्या ४८ तास आधी त्वचेवर थोडासा लावून पाहा, आणि हा रंग भुवया-पापण्यांना लावू नका. या दोन्ही सूचनांमागे लोकांनी खरोखर डोळे गमावल्याचा इतिहास आहे. नवे सिरम, नवा कलप, नवे केस सरळ करण्याचे क्रीम घरी वापरून पाहताना आज जे नियम सांगितले जातात, त्यातल्या जवळपास प्रत्येक आकड्याला असाच मागचा संदर्भ आहे. तो माहीत असला की कुठली पायरी गाळली तर काय बिघडते, हे आपोआप कळते.

कायमस्वरूपी कलपाचा मुख्य घटक म्हणजे पॅरा-फिनिलीनडायअमीन, बोलीत पीपीडी. रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट विल्हेल्म फॉन हॉफमन यांनी १८६३ मध्ये त्याचे वर्णन केले. हा रेणू लहान आणि जवळपास रंगहीन असतो. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मिसळून लावला की तो केसाच्या आतल्या थरात शिरतो, तिथे दुसऱ्या घटकांशी जोडला जाऊन मोठा रंगीत रेणू बनतो आणि आतच अडकतो. रंग धुऊन जात नाही तो यामुळे. फ्रान्समध्ये युजेन श्युलर यांनी १९०७ मध्ये आपला केसांचा रंग तयार केला. १९०९ मध्ये त्यांनी काढलेली कंपनी पुढे लॉरिआल झाली. तिच्या मूळ फ्रेंच नावातच केसांचा ‘निरुपद्रवी’ रंग असे शब्द होते. शिशासारख्या धातूंच्या क्षारांच्या जुन्या कलपांपेक्षा तो पुष्कळच सुरक्षित होता, हे खरे. पण केसात शिरणारा लहान रेणू त्वचेतही शिरतो, आणि तिथे तो शरीराच्या संरक्षणयंत्रणेला परका वाटू शकतो.

१९३३ मध्ये अमेरिकेत ‘लॅश ल्युर’ नावाचा पापण्या-भुवयांचा रंग विकला जात होता. त्यात याच जातीचे द्रव्य होते. तो लावलेल्या काही स्त्रियांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाली आणि अंधत्व आले. त्यावेळचा १९०६ चा अमेरिकी कायदा अन्न आणि औषधांपुरता होता. सौंदर्यप्रसाधने त्याच्या कक्षेतच नव्हती, त्यामुळे सरकारला माल बाजारातून उचलता येईना. १९३८ मध्ये नवा कायदा झाला तेव्हा प्रसाधने त्यात आली. कोळशाच्या डांबरापासून बनणाऱ्या केसांच्या रंगांना मात्र एक पळवाट मिळाली: खोक्यावर ठरलेला इशारा छापा आणि आधी चाचणी कशी घ्यायची ते लिहा, मग त्वचेला त्रास होतो एवढ्या कारणावरून माल अडवला जाणार नाही. पापण्या-भुवयांच्या रंगांना ही सवलत नव्हती. म्हणजे घरच्या घरी चाचणी घेण्याची सूचना ग्राहकाच्या काळजीपोटी जितकी आली, तितकीच ती जबाबदारी ग्राहकाकडे सरकवण्याच्या तडजोडीतूनही आली. हे लक्षात ठेवायला हवे. कारण ती चाचणी नीट करणे खरोखरच आपल्यावर सोडलेले आहे, दुसरे कुणी ती आपल्यासाठी करत नाही.

४८ तासच का

चाचणीची मूळ कल्पना याहून जुनी आहे. तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरातले त्वचारोगतज्ज्ञ योझेफ याडासोन यांनी १८९५ मध्ये दाखवून दिले की पाऱ्याच्या औषधाने पुरळ उठलेल्या रुग्णाच्या निरोगी त्वचेवर पाऱ्याची पट्टी लावली तर नेमक्या त्याच जागी इसब उठते. पॅच टेस्टचा जन्म हाच. पुढे स्विस त्वचारोगतज्ज्ञ ब्रुनो ब्लॉख यांनी तिला पद्धतशीर रूप दिले. दवाखान्यात आजही संशयित द्रव्ये छोट्या चकत्यांत भरून पाठीवर चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात, आणि त्यानंतर चौथ्या दिवसाच्या सुमारास पुन्हा पाहतात.

एवढे थांबायचे कारण १९४० च्या दशकात स्पष्ट झाले. कार्ल लँडस्टायनर आणि मेरिल चेस यांनी १९४२ मध्ये गिनिपिगांवर दाखवले की ही ॲलर्जी रक्तद्रवातून नव्हे, तर पेशींमधून एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे जाते. या पेशींना त्या जागी गोळा व्हायला वेळ लागतो. म्हणून लाली, खाज, बारीक फोड हे सारे बहुधा एक ते तीन दिवसांत दिसते. संध्याकाळी लावून सकाळी ‘काही झाले नाही’ म्हणणे म्हणजे चाचणी अर्ध्यात सोडणे.

घरी करताना खोक्यातल्या कागदावर लिहिलेले तंतोतंत पाळावे. काही कंपन्या नुसती रंगाची क्रीम लावायला सांगतात, काही डेव्हलपर मिसळून, आणि किती वेळाने धुवायचे तेही वेगवेगळे असते. जागा साधारण कानामागची किंवा कोपराच्या आतल्या घडीची, आकार नखाएवढा. त्यावर बँडेज लावू नये. झाकल्यावर द्रव्य कितीतरी जास्त आत शिरते, आणि साधी आगही ॲलर्जीसारखी दिसू लागते. ट्यूबचे झाकण लगेच लावावे, कारण हवेत रंगाचे ऑक्सिडेशन सुरू होते. मिसळून उरलेले मिश्रण दोन दिवस ठेवून वापरू नये. बंद बाटलीत त्यातून वायू सुटतो आणि बाटली फुटू शकते.

पहिल्यांदाच वापरणाऱ्याची चाचणी स्वच्छ निघाली तर त्याचा अर्थ फक्त एवढाच की आज ॲलर्जी नाही. शरीर एखाद्या द्रव्याला ‘ओळखायला’ लागण्यास साधारण दहा-पंधरा दिवस किंवा कितीतरी जास्त काळ लागतो. म्हणून दहा वर्षे तोच कलप लावणाऱ्यालाही अकराव्या वर्षी चेहरा सुजण्याचा त्रास होऊ शकतो. चाचणी दर वेळी करायची ती त्यासाठी. ज्यांनी कधी ‘काळी मेंदी’ काढून घेतली असेल त्यांनी तर विशेष जपावे. मेंदीच्या पानांचा रंग काळा नसतोच, तो नारिंगी-तपकिरी असतो. काळेपणासाठी त्यात पीपीडी घालतात, कधी कधी कलपात चालणाऱ्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त. युरोपीय संघात डोक्याला लागणाऱ्या मिश्रणात ही मर्यादा २ टक्के आहे. ‘पीपीडी नाही’ असे लिहिलेल्या खोक्यात बऱ्याचदा टोल्युईन-२,५-डायअमीन असते, आणि पीपीडी न सोसणाऱ्या अनेकांना तेही सोसत नाही.

या घरगुती चाचणीवर तज्ज्ञांचा आक्षेपही आहे. युरोपीय आयोगाच्या ग्राहक-उत्पादनविषयक वैज्ञानिक समितीने २००७ मध्ये म्हटले की घरी केलेली चाचणी खोटा दिलासा देऊ शकते, आणि वारंवार त्वचेवर रंग लावण्यातूनच ॲलर्जी जडण्याची शक्यताही राहते. हा आक्षेप गंभीर आहे. तरीही नकळत ॲलर्जी जडलेल्या माणसाला ही चाचणी मोठ्या संकटातून वाचवू शकते. आधी कलपाने खाज किंवा सूज आलेल्या माणसाने मात्र घरी चाचणी न घेता त्वचारोगतज्ज्ञाकडेच जावे. ओठ-डोळे सुजणे किंवा श्वास जड होणे दिसले तर थांबू नये, सरळ रुग्णालय गाठावे.

एका बटेची परीक्षा

त्वचेची चाचणी ॲलर्जी पाहते. केस टिकतील का, रंग कसा येईल, हे तिला कळत नाही. त्यासाठी बटेवरची चाचणी, म्हणजे स्ट्रँड टेस्ट. तिची गरज घरगुती पर्मिंगच्या, म्हणजे केस कायमचे कुरळे करण्याच्या, काळात ठळक झाली. कार्ल नेस्लर यांनी १९०५-०६ च्या सुमारास लंडनमध्ये पितळी नळ्या तापवून केस कुरळे करायची पद्धत आणली होती. त्यात सहा-सहा तास जात आणि सुरुवातीच्या प्रयोगांत केस जळले. १९४० च्या दशकात अमोनियम थायोग्लायकोलेट आले आणि उष्णतेची गरज संपली. ते केसातले गंधकाचे बंध तोडते, केस रोलरवर नवा आकार घेतो, मग पेरॉक्साइडचे न्यूट्रलायझर ते बंध पुन्हा जोडते. ‘टोनी’सारख्या संचांनी हे काम सलूनमधून स्वयंपाकघरात आणले, आणि वेळ किती ठेवायचा हा निर्णय अनोळखी हातांत गेला. म्हणून एक रोलर दीड वेढा उलगडून, न ओढता, केसाने इंग्रजी ‘एस’सारखे वळण धरले का ते पाहायची रीत पडली.

आज रंग, ब्लीच किंवा स्ट्रेटनिंगआधी मानेजवळची, आतल्या थरातली, अर्धा सेंटिमीटर रुंदीची बट घ्यावी. ठरलेल्या प्रमाणात थोडे मिश्रण करून लावावे. दर पाच-दहा मिनिटांनी ओल्या कापसाने एक कोपरा पुसून रंग पाहावा आणि वेळ लिहून ठेवावी. धुऊन पूर्ण वाळल्यावर दिवसाच्या उजेडात बघावे, कारण ओला केस नेहमी गडद दिसतो. मग पुन्हा ओला करून हलकेच ताणावा. निरोगी ओला केस साधारण ३० टक्के ताणला जातो आणि परत येतो. तो रबरासारखा लांबत गेला, लिबलिबीत लागला किंवा तुटला, तर बाकीच्या डोक्याला हात लावू नये. सोडियम हायड्रॉक्साइडने सरळ केलेल्या केसांवर थायोग्लायकोलेट कधीच नको. हायड्रॉक्साइडने बदललेले बंध थायोला उघडता येत नाहीत, आणि उरलेलेही तुटले की केस मुळाजवळ गळून हातात येतात.

डोक्यावर आधी कुठला कलप होता हे माहीत नसेल तर सलूनची एक जुनी परीक्षा उपयोगी पडते. हवेशीर जागी, हातमोजे घालून, काचेच्या भांड्यात ३० मिली २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड घ्यावे, त्यात २८ टक्के अमोनियाचे २० थेंब टाकावेत आणि कापलेली बट अर्धा तास बुडवावी. द्रव तापला, फसफसला किंवा केसातून धूर आला तर त्यात धातूचे क्षार आहेत, आणि त्या केसांवर पेरॉक्साइडचा रंग चालणार नाही.

चेहऱ्याचे गणित वेगळे

सिरम आणि क्रीम हे रोज लावून ठेवायचे पदार्थ. एकदा नखभर लावून त्यांचा अंदाज येत नाही. फिनलंडमधल्या हन्नुक्सेला आणि सालो यांनी १९८६ मध्ये वेगळी पद्धत मांडली: ०.१ मिली, म्हणजे दोन-तीन थेंब, हाताच्या आतल्या बाजूला ५ × ५ सेंटिमीटर जागेवर, दिवसातून दोनदा, सात दिवस. मंद ॲलर्जी दुसऱ्या आठवड्यातही दिसू शकते, म्हणून दोन आठवडे पाहणे चांगले. अंग धुताना ती जागा साबणाने घासू नये, आणि त्या काळात शेजारी दुसरे काही लावू नये.

पण हात पास झाला म्हणून चेहरा पास होत नाही. रॉबर्ट फेल्डमन आणि हॉवर्ड मायबाक यांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड औषध वापरून मोजले तेव्हा हाताच्या आतल्या त्वचेच्या तुलनेत कपाळातून सहापट आणि जबड्याच्या कोपऱ्यातून तेरापट औषध आत गेले. म्हणून हातानंतर दुसरा टप्पा कानाखाली, जबड्याच्या कडेला, आणखी तीन-चार दिवस.

आम्लांचा त्रास बहुधा ॲलर्जीचा नसतो, साठत जाणाऱ्या आगीचा असतो. युजीन व्हॅन स्कॉट आणि रूई यू यांनी १९७४ मध्ये ग्लायकोलिक-लॅक्टिकसारखी आम्ले कोरड्या, खवले धरणाऱ्या त्वचेच्या विकारावर प्रसिद्ध केली आणि १९९० च्या दशकात ती घरोघरी पोचली. अमेरिकेतल्या घटक-परीक्षण समितीने घरगुती वापरासाठी १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) ३.५ पेक्षा कमी नाही अशी मर्यादा सुचवली. टक्केवारीसोबत पीएचही पाहायला हवा तो यामुळेच: पीएच जितका कमी, तितके मुक्त आम्ल जास्त आणि चुरचुर जास्त. लावल्यावर दहा मिनिटांत येऊन जाणारी चुरचुर वेगळी, आणि दोन दिवसांनी खाजत उठणारी लाली वेगळी. पहिलीसाठी वापर आठवड्यातून दोन रात्रींवर आणावा, दुसरीसाठी बाटली बंद करावी. आम्ल वापरताना ऊन जास्त बाधते, आणि बंद केल्यावरही साधारण आठवडाभर जपावे लागते. एका वेळी एकच नवा पदार्थ सुरू करावा, दुसऱ्याच्या आधी किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत. तीन बाटल्या एकाच रात्री उघडल्या तर दोषी कोण ते कळणारच नाही.

‘त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले’ या शब्दांमागे बहुधा माणसांवरची पुनरावृत्ती-पॅच चाचणी असते: तीन आठवड्यांत नऊ वेळा पट्ट्या, दोन आठवडे विश्रांती, मग पुन्हा एकदा. अशा चाचण्यांचा एक भाग काळा आहे. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९७४ पर्यंत कैद्यांच्या पाठींवर त्या झाल्या, आणि ज्यांना नाही म्हणण्याचे खरे स्वातंत्र्य नव्हते त्यांच्या त्वचेवरून आपल्या कपाटातले ज्ञान आले आहे. शिवाय आकड्यांचीही मर्यादा आहे. २०० जणांत कुणालाच त्रास झाला नाही, तरी प्रत्यक्षात शंभरात दीड जणांपर्यंत त्रास होण्याची शक्यता संख्याशास्त्र नाकारू शकत नाही.

मिथाइलआयसोथायाझोलिनोनचे उदाहरण बघा. युरोपात २००५ मध्ये हे प्रसाधन नासू न देणारे संरक्षक द्रव्य स्वतंत्रपणे १०० पीपीएमपर्यंत (दहा लाखात शंभर भाग) चालेल असे ठरले. काही वर्षांत ओल्या वाइप्सपासून क्रीमपर्यंत ते पसरले आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे इसबाची रांग लागली. २०१७ पासून त्वचेवर राहणाऱ्या पदार्थांत ते बंद झाले, धुऊन टाकायच्या पदार्थांत २०१८ पासून १५ पीपीएमवर आले. ही साथ ओळखता आली ती बाटलीवर घटकयादी छापणे सक्तीचे असल्यामुळे. अमेरिकेत ही सक्ती १९७७ पासून आहे, युरोपात १९९७ पासून. यादी जास्त प्रमाणाकडून कमीकडे जाते, पण १ टक्क्याखालचे घटक कंपनी हव्या त्या क्रमाने लिहू शकते. संरक्षक आणि सुगंध बहुतेकदा तिथेच, शेपटाकडे असतात. म्हणून त्रास झाला तर रिकामे खोके टाकू नये. घटकयादी, बॅच क्रमांक, कुठे, किती दिवस आणि दिवसातून किती वेळा लावले, हे घेऊनच तज्ज्ञाकडे जावे, आणि उरलेली बाटलीही सोबत न्यावी. पट्टीवर लावायला तिच्यातलाच पदार्थ लागतो.