रिओ तिंतो खाणरेल्वे व वेल्व्याचा खनिज धक्का

स्पेनच्या नैर्ऋत्य भागातील रिओ तिंतो खाणींपासून वेल्वा बंदरापर्यंत जाणारा सु. ८४ किमी. लांबीचा लोहमार्ग व त्याच्या टोकाशी ओदिएल नदीच्या खाडीत उभारलेला लोखंडी धक्का. लोहमार्ग १८७५ मध्ये सुरू झाला, धक्का १८७६ मध्ये.

रिओ तिंतो म्हणजे ‘रंगलेली नदी’. पावसाळ्यात कोकणातले ओढे लाल होतात ते मातीने. या नदीचे पाणी बारमाही तांबडे असते ते विरघळलेल्या लोहामुळे, आणि ते लिंबाच्या रसाइतके आंबट असते. तिच्या उगमाजवळचे तांबे फिनिशियन व रोमन काळापासून खणले जात होते. एकोणिसाव्या शतकात खाणी स्पॅनिश सरकारच्या मालकीच्या होत्या. तिजोरीत खडखडाट झाल्यावर १८७३ मध्ये, पहिल्या प्रजासत्ताकाच्या धामधुमीत, सरकारने त्या सु. ३७ लाख पौंडांना विकल्या. लंडनचा व्यापारी ह्यू मॅथेसन याच्या पुढाकाराने ब्रिटिश व जर्मन भांडवलदारांनी त्या घेतल्या आणि ‘रिओ तिंतो कंपनी’ स्थापन केली.

नव्या मालकांचा डोळा तांब्याइतकाच गंधकावर होता. युरोपातील रासायनिक कारखान्यांना सल्फ्युरिक आम्लासाठी पायराइट, म्हणजे लोह व गंधक यांचे खनिज, हवे होते. डोंगरात गाळलेले तांबे खेचरांच्या पाठीवरून उतरवता येई. पायराइट मात्र दगडाच्या दगड न्यायचे, तेही लाखो टन. रेल्वेशिवाय हा धंदाच उभा राहत नव्हता. गोव्यातले खनिज बार्जमध्ये भरून मांडवी-झुआरीतून मुरगावला जाई; तिंतोच्या खडकाळ वरच्या पात्रात तशी सोय नव्हती. नदीच्या काठाकाठाने रूळ तेवढे टाकता आले. त्यांचे माप १,०६७ मिमी., म्हणजे आपल्या मीटरगेजपेक्षा थोडे रुंद. मुख्य अभियंता जॉर्ज बार्कले ब्रूस याने त्याआधी मद्रास रेल्वेवर काम केले होते.

धक्क्याचा आराखडा ब्रूस व टॉमस गिब्सन यांचा. खाडीचा तळ नुसता चिखलाचा. बीडाचे मळसूत्री खांब त्यात फिरवून रोवले तरी भाराने खचत, म्हणून चिखलावर लाकडी तराफ्यांसारखे मंच बसवून भार पसरून दिला. किनाऱ्याकडच्या लांब चढणीसह हे बांधकाम हजार मीटरांहून अधिक भरते.

त्याची खरी हुशारी उतारात आहे. इंजिन भरलेल्या वाघिणी चढणीवरून वरच्या मजल्यावर ढकलून देई. तिथून पुढे त्याचे काम संपले. वाघिणी आपल्याच वजनाने घरंगळत जहाजापाशी येत, पन्हळीतून खनिज गलबताच्या पोटात ओतत आणि रिकाम्या झाल्या की दुसऱ्या, खालच्या रुळांवरून तशाच घरंगळत किनाऱ्याकडे परतत. भरलेल्या व रिकाम्या वाघिणींचा रस्ता कुठेच आडवा येत नसे. ब्रेकवर माणसे लागत, वाफ मात्र जवळजवळ नाही. ही युक्ती जवळपास शंभर वर्षे चालली.

सगळेच खनिज बंदरावर जात नसे. कमी तांब्याचा दगड खाणीजवळच लाकडांवर रचून महिनोन्‌महिने धुमसत ठेवत. या भट्ट्यांना ‘तेलेरा’ म्हणत. त्यांचा गंधकी धूर हवा पडली की दरीत घोंगडीसारखा पसरे. स्थानिक लोक त्याला ‘मांता’, म्हणजे घोंगडीच, म्हणत. पिके करपत. धूर दाटला की काम थांबे आणि मजुरीही कापली जाई. त्यामुळे एरवी एकमेकांकडे संशयाने पाहणारे शेतकरी-जमीनदार आणि खाणमजूर एकत्र आले. ४ फेब्रुवारी १८८८ रोजी रिओ तिंतो गावाच्या चौकात जमलेल्या निदर्शकांवर सैन्याने गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. गावच्या आठवणीत तो शंभरापलीकडे जातो. ते साल तिकडे आजही ‘गोळ्यांचे वर्ष’ म्हणून ओळखले जाते. त्याच महिन्यात उघड्यावर खनिज भाजण्यास बंदी आली, पण ती फार काळ टिकली नाही.

कंपनीचा ठसा बंदरावरही उमटला. १८८९ मध्ये स्थापन झालेला रेक्रेआतिवो दे वेल्वा हा स्पेनमधील सर्वांत जुना फुटबॉल क्लब तिथल्या ब्रिटिश मंडळींतून निघाला. १९५४ मध्ये खाणींची बहुतांश मालकी स्पॅनिश भांडवलाकडे परतली. धक्क्यावरची भरणी १९७५ मध्ये थांबली, रेल्वे १९८४ मध्ये. खाणीजवळच्या सु. १२ किमी. भागावर १९९० च्या दशकापासून पर्यटकांची गाडी धावते. धक्क्याला २००३ मध्ये संरक्षित वारसा म्हणून मान्यता मिळाली. दुरुस्तीनंतर तो आता वेल्वेकरांच्या संध्याकाळच्या फेरफटक्याची जागा आहे.

खाणगावच्या संग्रहालयात ‘महाराजांचा डबा’ नावाचा एक शाही डबा आहे. तो व्हिक्टोरिया राणीच्या भारतभेटीसाठी बांधला होता, असे तिथे सांगतात. राणी भारतात कधी आलीच नाही.