प्रगत क्वांटम मेकॅनिक्ससाठी एम.एस्सी. प्रवेश: विदर्भातील गावाकडच्या विद्यार्थ्यांचे अर्ज कुठे अडतात

बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमात पुंजयांत्रिकी, म्हणजेच क्वांटम मेकॅनिक्स, येते ती श्रोडिंजरचे समीकरण, पेटीतला कण, हार्मोनिक ऑसिलेटर आणि फार तर हायड्रोजनचा अणू इथपर्यंत. कोनीय संवेगांची बेरीज, पर्टर्बेशन थिअरी, स्कॅटरिंग, एकसारख्या कणांची प्रणाली आणि डिरॅकचे समीकरण, म्हणजे ज्याला प्रगत क्वांटम मेकॅनिक्स म्हणावे तो सगळा भाग, एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या वर्गातच भेटतो. तालुक्याच्या महाविद्यालयातून हा विषय मनापासून शिकू इच्छिणारी मुले दरवर्षी निघतात. त्यांतील बरीच प्रवेश परीक्षेतील गणितामुळे मागे पडत नाहीत. चुकीच्या नमुन्यातील दाखला, जुनी तारीख किंवा न भरलेला दुसरा अर्ज यांमुळे त्यांचे वर्ष जाते. म्हणून पुढील माहितीत नेहमीच्या पायऱ्या थोडक्यात आणि अडणाऱ्या जागा विस्ताराने दिल्या आहेत.

मार्ग मुख्यतः तीन आहेत. आयआयटीमधील एम.एस्सी.साठी जॅम ही परीक्षा द्यावी लागते. नागपूरच्या व्हीएनआयटीसह एनआयटींमधील प्रवेशही जॅमच्याच गुणांवर होतात, मात्र त्यांची समुपदेशन प्रक्रिया सीसीएमएन या नावाने स्वतंत्रपणे चालते. हैदराबाद, दिल्ली, बनारस यांसारख्या केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा असते. तिसरा मार्ग घराजवळचा, म्हणजे नागपूर, अमरावती किंवा गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाशी संबंधित विभागांचा आणि महाविद्यालयांचा. तेथील प्रवेश पदवीच्या निकालानंतर होतात आणि राज्याच्या नमुन्यातील दाखले तेथे चालतात.

पात्रतेत भौतिकशास्त्राइतकेच गणित महत्त्वाचे आहे, आणि हे फार उशिरा लक्षात येते. पदवीला गणित किती सत्रे असावे याची अट संस्थेगणिक बदलते. पूर्वी भौतिक-रसायन-गणित असा गट घेतला की हा प्रश्न उद्भवत नसे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मेजर-मायनरची, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषयांची, रचना आली आहे, आणि मायनर निवडताना महाविद्यालयात कोणी सांगितले नाही म्हणून गणित सुटलेले विद्यार्थी आता दिसू लागले आहेत. ही निवड पहिल्या-दुसऱ्या वर्षातच पक्की होते. ज्याला क्वांटम शिकायचे आहे त्याने गणित सोडू नये, कारण प्रवेश मिळाला तरी रेषीय बीजगणिताशिवाय त्या वर्गात बसणे कठीण जाते.

आता तारखांविषयी. सर्वांत जास्त मुले येथेच गळतात. जॅमचा अर्ज साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरला जातो आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. म्हणजे तृतीय वर्षाचे पाचवे सत्र चालू असतानाच अर्ज करायचा असतो. आपल्याकडे 'आधी निकाल लागू दे, मग एम.एस्सी.चे पाहू' असे घरात आणि कधी कधी महाविद्यालयातही सांगितले जाते. बारावीनंतरच्या प्रवेशांची तीच रीत असल्याने ते खरे वाटते. परंतु जून-जुलैमध्ये निकाल हातात येतो तेव्हा जॅम आणि सीयूईटी-पीजी या दोन्ही परीक्षा होऊन गेलेल्या असतात आणि पुढच्या वर्षाची वाट पाहण्यावाचून काही उरत नाही. अंतिम वर्षाचा विद्यार्थी निकालाआधी अर्ज करू शकतो, हे प्रत्येक पालकापर्यंत पोहोचले पाहिजे.

दुसरी गफलत अधिक दुःखदायक आहे, कारण ती उत्तीर्ण झालेल्या मुलांची होते. जॅमचा निकाल मार्चमध्ये लागतो, चांगला क्रमांक येतो, आणि विद्यार्थी समजतो की आता संस्थेकडून पत्र येईल. तसे होत नाही. परीक्षेचा अर्ज वेगळा आणि प्रवेशाचा अर्ज वेगळा. निकालानंतर थोडेच दिवस खुल्या असणाऱ्या संकेतस्थळावर कोणत्या संस्थेतील कोणता अभ्यासक्रम हवा हे क्रमाने भरावे लागते. ते भरले नाही तर उत्तम क्रमांकाचाही उपयोग होत नाही. एनआयटीसाठी सीसीएमएनवर निराळी नोंदणी करावी लागते आणि सीयूईटी-पीजीनंतर प्रत्येक केंद्रीय विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पुन्हा वेगळी. जागा देऊ केल्यावर मुदतीत स्वीकृती कळवून शुल्क भरले नाही तर ती जागाही जाते. हे सर्व एप्रिल ते जुलै या काळात होते, म्हणून त्या महिन्यांत नोंदणी केलेला मोबाइल क्रमांक बदलू नये आणि ई-मेल रोज पाहावा.

दाखल्यांमध्ये पहिला अडथळा केंद्रीय नमुन्याचा. आपल्या सेतू केंद्रातून सहसा मिळणारे जात प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र, हे राज्याच्या उपयोगाचे असते. आयआयटी, एनआयटी आणि केंद्रीय विद्यापीठे इतर मागासवर्गासाठी केंद्र शासनाच्या नमुन्यातील एकत्रित प्रमाणपत्र मागतात. ते ओळखण्याची सोपी खूण अशी की त्याच्या मजकुरात ८ सप्टेंबर १९९३ च्या, ३६०१२/२२/९३ या क्रमांकाच्या ज्ञापनाचा उल्लेख असतो. तो नसेल तर कागद कितीही शिक्क्यांचा असला तरी परत येतो. जात वैधता प्रमाणपत्र जोडल्यानेही त्याची भरपाई होत नाही. शिवाय विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग हे प्रवर्ग केंद्राच्या आरक्षणात त्या नावांनी नाहीत. राज्यात विमुक्त जातीत असलेला बंजारा किंवा भटक्या जमातीत असलेला धनगर समाज केंद्राच्या यादीत इतर मागासवर्गात आहे. अर्जात 'आमचा प्रवर्ग दिसत नाही' म्हणून खुला प्रवर्ग निवडणाऱ्या मुलांनी आधी महाराष्ट्राची केंद्रीय यादी उघडून आपल्या जातीचे नाव शोधावे.

ज्यांच्याकडे जातीचा दाखलाच नाही त्यांची वाट आणखी लांब आहे. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा मागितला जातो. आजोबा शाळेत गेलेलेच नसतील तर त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला कुठून आणायचा, हा प्रश्न प्रत्येक गावात ऐकू येतो. अशा वेळी जिल्हा परिषद शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, अधिकार अभिलेख आणि विशेषतः कोतवाल बुक यांची नक्कल कामी येते. तहसीलच्या अभिलेख कक्षातील कोतवाल बुकात गावातील जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात आणि त्यांत जातीचा रकाना असतो. पान जीर्ण, शाई उडालेली, आणि आजोबांच्या जागी नुसते 'महादू वल्द सोमा' असे लिहिलेले, तर सातबाऱ्यावर तेच नाव 'महादेव सोमाजी' असे. एवढ्या फरकावर प्रकरण त्रुटीत जाते. वंशावळ आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र पहिल्याच खेपेला जोडावे. नक्कल मिळायला वेळ लागतो, म्हणून हे काम दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुटीत सुरू करणे शहाणपणाचे आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत वडिलांना तालुक्याला दहा चकरा मारता येत नाहीत, हे कार्यालयाने समजून घ्यायला हवे, पण ते समजून घेतले जात नाही.

नॉन-क्रिमीलेअरबाबत दोन गोष्टी. राज्याचे प्रमाणपत्र कधी कधी तीन वर्षांसाठी वैध असते, परंतु केंद्रीय प्रवेशात 'अमुक तारखेनंतर दिलेले' अशी अट असते आणि तेथे ही तीन वर्षांची मुदत दाखवून उपयोग होत नाही. माहितीपुस्तिकेतील ती तारीख पाहूनच अर्ज करावा. दुसरी गोष्ट उत्पन्नाची. आठ लाखांची मर्यादा लावताना पगार आणि शेतीचे उत्पन्न धरले जात नाही. आई-वडील दोघेही जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षक असतील तर त्यांच्या पगारांची बेरीज करून मुलाला क्रिमीलेअर ठरवणे नियमाला धरून नाही. तरीही खिडकीवर ही बेरीज केली जाते आणि पालक निमूटपणे परत फिरतात. त्यांनी तसे न करता उपविभागीय अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्रात कोरडवाहू विदर्भाची कुचंबणा होते. उत्पन्न आठ लाखांच्या आत असले तरी कुटुंबाकडे पाच एकर किंवा त्याहून अधिक शेती असल्यास ते मिळत नाही, मग त्या शेतीत पाणी असो वा नसो. पाच एकर म्हणजे सुमारे २.०२ हेक्टर. येथे सातबारा नीट वाचावा लागतो. तीन भावांच्या नावे सामाईक २.८० हेक्टर असेल तर वडिलांचा समान हिस्सा ०.९३ हेक्टर, म्हणजे सव्वादोन एकरांच्या आसपास येतो, परंतु हिस्से वेगळे दाखवलेले नसतील तर पूर्ण क्षेत्र धरून अर्ज फेटाळला जातो. तलाठ्याकडून हिश्श्याचा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा. या प्रमाणपत्रासाठी कुटुंब म्हणजे अर्जदार, त्याचे आई-वडील, अठरा वर्षांखालील भावंडे, पती किंवा पत्नी आणि अठरा वर्षांखालील अपत्ये. काका आणि आजोबा त्यात येत नाहीत. राज्यात एसईबीसीचा (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाचा) दाखला असलेल्या मराठा विद्यार्थ्यांना केंद्रीय संस्थांत त्या दाखल्याचा उपयोग नाही. अटी पूर्ण होत असल्यास त्यांनी केंद्रीय नमुन्यातील दुर्बल घटकाचेच प्रमाणपत्र घ्यावे.

नावाबाबत दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानून इतर कागद तिच्याशी जुळवून घ्यावेत. गुणपत्रिकेत आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, एवढा फरक सहसा निभावतो, पण इंग्रजी स्पेलिंगमधील एका अक्षराचा फरक निभावेलच असे नाही. आधार दुरुस्ती अर्जाच्या आधी करावी. छायाचित्र, स्वाक्षरी आणि शुल्क भरणे ही सरळ कामे आहेत. जॅमच्या शुल्कात सवलत महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना असते, इतर मागासवर्गातील मुलांना नसते, एवढे ध्यानात ठेवून पैशांची तजवीज करावी.

विद्यापीठाचा अंतिम निकाल लांबणे हे आपल्याकडे नवे नाही. आयआयटी सहसा उत्तीर्ण झाल्याचा पुरावा सप्टेंबरअखेरपर्यंत स्वीकारतात, मात्र प्रात्यक्षिकांसह सर्व परीक्षा प्रवेशाआधी संपलेल्या असाव्या लागतात. मागील सत्राचा एखादा विषय राहिला असेल तर तो हिवाळी परीक्षेतच सोडवावा, उन्हाळ्यावर ढकलू नये. निकाल लागताच तात्पुरते पदवी प्रमाणपत्र आणि स्थलांतर प्रमाणपत्र यांचे अर्ज एकाच दिवशी द्यावेत.

ज्यांना घर सोडता येत नाही त्यांनी जवळच्या विद्यापीठात प्रवेश घेऊन स्वयम् या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरील एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमाचा) प्रगत क्वांटमचा अभ्यासक्रम जोडीला घ्यावा. नोंदणी विनामूल्य आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क पडते. त्याचे श्रेयांक (क्रेडिट) पदवीत जमा करायचे असतील तर अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वीच विभागप्रमुखांची लेखी मान्यता घ्यावी, नंतर मागितलेली मान्यता बहुधा नाकारली जाते.

अर्ज भरल्यानंतर संकेतस्थळावर कागदपत्रांची तपासणी होते आणि त्रुटी आढळल्यास दुरुस्तीसाठी ठरावीक दिवस दिले जातात. त्रुटी दाखवली म्हणजे अर्ज बाद झाला असे समजून बरेच विद्यार्थी तो उघडूनच पाहत नाहीत. त्रुटीचे कारण वाचावे, तोच कागद पुन्हा न चढवता योग्य नमुन्यातील नवा कागद चढवावा, आणि गावात नेटवर्क नसेल तर शेवटच्या दिवसाची वाट न पाहता महाविद्यालयाच्या संगणकावरून हे काम उरकून त्या पानाची छापील प्रत जवळ ठेवावी.