व्याही, मिरच्या आणि चेहऱ्याचे पन्नास आकडे

मे महिन्यातला शुक्रवार, म्हापशाचा बाजार, पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची खरेदी चाललेली. मिरच्यांच्या ढिगाजवळ उभे असलेले एक गृहस्थ माझ्याकडे बघून हसले, मीही हसलो आणि विचारलं, किलो कशी दिली? ते म्हणाले, "कितें हो, वळख ना?" ते माझ्या बहिणीचे व्याही निघाले. फेब्रुवारीत लग्नात आम्ही शेजारी बसून जेवलो होतो, त्यांनी सोलकढी दोनदा मागून घेतली हेसुद्धा मला आठवतं, फक्त चेहरा तेवढा आठवत नाही. संध्याकाळी बहिणीचा फोन आला, "माज आलाय का तुला?"

गोव्यात हे खपत नाही हो. इथे कदंबा बसमध्ये शेजारी बसलेला माणूस चौथ्या वाक्याला नातं काढतो, त्यामुळे ज्याला चेहरे लक्षात राहत नाहीत तो एकतर शिष्ट ठरतो नाहीतर विसरभोळा. प्रत्यक्षात याचा ना डोळ्यांशी संबंध, ना एकूण स्मरणशक्तीशी. १९४७ मध्ये योआखिम बोडामर नावाच्या जर्मन डॉक्टरने डोक्याला इजा झालेल्या रुग्णांमध्ये हा प्रकार नोंदवला आणि त्याला प्रोसोपॅग्नोझिया हे जीभ अडखळवणारं नाव दिलं. ग्रीकमध्ये प्रोसोपॉन म्हणजे चेहरा, अग्नोसिया म्हणजे न कळणं. मार न लागता, जन्मापासूनच असे असलेले लोकही शंभरात दोनेक निघतात. तोच हिशेब आपल्या पंधरा लाखांच्या गोव्याला लावला तर तीस हजार माणसं झाली, आणि त्यातल्या कितीतरी जणांना घरच्यांनी माजोरडं ठरवलेलं असणार. (म्हणून लगेच मोबाईलवर पाच प्रश्नांची टेस्ट देऊन स्वतःला आजार चिकटवून घेऊ नका. मी तरी घेतलेला नाही.)

मेंदूत चेहऱ्यांसाठी वेगळी जागा आहे. उजव्या कानाच्या मागे बोट ठेवा, तिथून थोडं आत, मेंदूच्या तळाशी. १९९७ मध्ये नॅन्सी कॅन्विशर आणि तिच्या सहकाऱ्यांनी स्कॅनरमध्ये लोकांना चेहरे आणि इतर वस्तू दाखवून हा भाग पक्का केला. डावीकडेही तो असतो पण उजवीकडचा जास्त जोरदार. आता खरी गंमत ही की तिथल्या पेशी नेमकं करतात काय? जुनी कल्पना अशी होती की प्रत्येक ओळखीच्या माणसासाठी एक पेशी असेल, आजीसाठी एक, मास्तरांसाठी एक, आजी दिसली की आजीची पेशी पेटली. पण मग नवीन माणूस भेटला की त्याच्यासाठी नवी पेशी आणायची कुठून?

याचं उत्तर २०१७ मध्ये ल चँग आणि डोरिस त्साओ यांनी माकडांवरच्या प्रयोगातून दिलं आणि ते मला इतकं आवडतं की बहिणीलाही फोनवर समजावत होतो, तिने मध्येच ठेवला. समजा एक माणूस आहे ज्याला फक्त उत्तर-दक्षिण कळतं. त्याला पणजी आणि जुनं गोवं एकच वाटणार, कारण दोन्ही जवळपास एकाच अक्षांशावर. दुसऱ्याला फक्त पूर्व-पश्चिम कळतं, त्याला पणजी आणि म्हापसा यांत फारसा फरक दिसणार नाही. एकटा एकटा दोघेही निकामी, पण दोघांचे आकडे एकत्र केले की गाव बरोबर सापडतं. चेहऱ्याच्या पेशी अशाच. फरक एवढाच की नकाशाला दोन दिशा असतात, आणि त्यांनी चेहरा मांडला तो पन्नास दिशांत. पंचवीस आकाराच्या, म्हणजे डोळ्यांतलं अंतर, चेहऱ्याची रुंदी वगैरे, आणि पंचवीस रंगरूपाच्या, त्वचा कशी, छाया कुठे पडते. मध्यभागी सरासरी चेहरा, आणि प्रत्येक चेहरा म्हणजे त्या मध्यापासून कुठेतरी दूरचा एक बिंदू. पेशीची स्वतःची एक रेषा असते, बिंदूपासून त्या रेषेवर लंब टाकला की तो जिथे पडेल त्या आकड्याप्रमाणे पेशी कमी-जास्त जोराने पेटते, बस्स. दहावीची भूमिती आठवा, नाही आठवली तरी पुढे चला.

यातून एक विचित्र गोष्ट निघते. तुम्ही रेषेला लंब दिशेने सरकलात तर त्या पेशीला काहीच फरक पडायला नको, जसं पणजीहून सरळ पूर्वेला जुन्या गोव्याला गेलात तरी उत्तरवाला म्हणेल की आहात तिथेच आहात. त्यांनी मुद्दाम असे चेहरे बनवले, आपल्याला ते अगदी वेगवेगळ्या माणसांचे वाटतील, आणि पेशी खरंच सगळ्यांना सारखीच पेटत राहिली! आजीची पेशी वगैरे कल्पनेला हा चांगलाच धक्का होता. मग उलटा हिशेब मांडला, फक्त २०५ पेशींच्या पेटण्यावरून माकड कुठला चेहरा बघतंय ते चित्र पुन्हा काढलं, तर ते मूळ चेहऱ्याशी थक्क करण्याइतकं जुळलं.

मग ज्यांना ओळखत नाही त्यांचं काय बिघडतं? काहींना त्या उजव्या भागात पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला असतो. जन्मजात असलेल्यांपैकी अनेकांच्या स्कॅनमध्ये तो भाग दिसतो सुद्धा. त्यांना नाक दिसतं, डोळे दिसतात, समोरचा हसतोय की चिडलाय तेही बऱ्याचदा कळतं, पण सगळं जुळून "हा अमुक" असं होत नाही. मग ते आवाज, चाल, केस, शर्ट यांवर भागवतात, आणि समोरच्याने केस कापले की संपलं.

बरोबर उलटा प्रकारही असतो. १९२३ मध्ये फ्रान्समध्ये कॅपग्रास या डॉक्टरने एका बाईची नोंद केली, तिचं म्हणणं की माझ्या घरची माणसं हुबेहूब तशीच दिसतात पण ती खरी नव्हेत, कोणीतरी बदलून ठेवलीत. इथे चेहरा ओळखला जातो, पण ओळखीबरोबर आतून जी आपुलकी उमटायला हवी तीच उमटत नाही, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. आपल्याकडे कोणी असं बोललं की आधी घाडी, मग कौल, मग देवचाराला रोट, आणि सगळं करून थकल्यावर डॉक्टर. क्रम उलटा केलात तर पैसे आणि माणूस दोन्ही वाचतील.

आणि चेहरा न ओळखणाऱ्यांत आतून काही उमटतं का? १९८४ मध्ये बाउअर नावाच्या संशोधकाने अशा एका रुग्णाला ओळखीच्या लोकांचे फोटो दाखवले आणि प्रत्येकासोबत पाच नावं वाचून दाखवली. बरोबर नाव त्याला सांगता येईना, पण ते नाव ऐकू आलं की बऱ्याचदा त्याच्या हातावरचा घाम किंचित वाढायचा, यंत्रात दिसेल इतकाच. म्हणजे डोक्याला कळायच्या आधी कातडीला कळलेलं.

हे वाचल्यापासून मी आठवून बघतोय. त्या शुक्रवारी व्याही समोर उभे होते तेव्हा माझ्या तळहातांना घाम होता हे नक्की. पण मे महिन्यात म्हापशाच्या बाजारात तो मिरचीवाल्यालाही होता.