शेजारची जाहिरात आणि मजकुरातली जाहिरात

सगळ्यांनी मिळून, मोबदला न घेता लिहिलेल्या संकेतस्थळावर जाहिरात झळकली की वाचक म्हणतात, मजकूर विकला गेला. खरं तर जागा विकणं आणि मजकूर विकणं हे दोन निराळे व्यवहार आहेत. त्यांची गल्लत झाली की पहारा भलत्याच ठिकाणी बसतो.

जागेची जाहिरात लेखाच्या बाजूला राखलेल्या चौकटीत येते. बहुधा पान उघडत असतानाच त्या जागेचा आपोआप लिलाव होतो आणि जास्त बोली लावणाऱ्याची जाहिरात दिसते. लेख लिहिणाऱ्याला जाहिरातदार कोण ते ठाऊक नसतं. जाहिरातदारालाही लेखातला शब्द बदलता येत नाही. या अनोळखीपणातच मजकुराचं संरक्षण आहे. एखादा मोठा जाहिरातदार थेट सौदा करू लागला की ते पातळ होत जातं, म्हणून सौदे करणारे आणि संपादन पाहणारे लोक वेगळेच हवेत.

मजकुरातली जाहिरात चौकट ओलांडून लेखातच शिरते. २०२३ मध्ये चाहत्यांच्या विकी चालवणाऱ्या फॅन्डम या कंपनीने मॅकडोनाल्ड्सच्या ग्रिमेस या पात्राबद्दल स्वयंसेवकांनी लिहिलेला लेख काढून त्या जागी कंपनीच्या प्रचारमोहिमेचा मजकूर टाकला. लिहिणाऱ्यांची संमती नव्हती. माझ्या मते मर्यादा ओलांडली जाते ती इथे.

आणि चौकट नसली म्हणजे लेख सुरक्षित, असंही नाही. विकिपीडियावर जाहिराती नाहीत. तरी २०१३ मध्ये विकी-पीआर या कंपनीने ग्राहकांकडून पैसे घेऊन लेख लिहिल्याचं उघडकीला आलं आणि अडीचशेहून अधिक खाती बंद झाली. पैसे घेऊन संपादन करणाऱ्याने ते जाहीर केलंच पाहिजे, अशी अट २०१४ मध्ये वापराच्या नियमांत आली.

शेजारची जाहिरात निरुपद्रवी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. उत्पन्न पानं किती वेळा उघडली यावर ठरतं, तेव्हा एका लेखाचे चार तुकडे करण्याचा, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ घुसवण्याचा मोह होतो. २००२ मध्ये जाहिरातींचा नुसता उल्लेख झाला, तर स्पॅनिश विकिपीडियाचे बरेच संपादक बाहेर पडले आणि मजकूर घेऊन त्यांनी ‘एन्सिक्लोपेडिया लिब्रे’ उभारला. त्यांचा राग मला रास्त वाटतो: फुकट दिलेल्या श्रमांवर पैसा मिळवायचा का, हे त्या लोकांना आधी विचारायला हवं.

त्यांना मजकूर नेता आला तो मुक्त परवान्यामुळे, म्हणजे मजकूर कुणालाही पुन्हा वापरू देणाऱ्या परवानगीमुळे. हा परवाना जाहिराती रोखत नाही, पण मालकाने मर्यादा सोडली तर सगळं लेखन उचलून निघून जाण्याचा हक्क देतो. त्यासाठी संपूर्ण मजकुराची प्रत कुणालाही केव्हाही उतरवून घेता यायला हवी. संकेतस्थळाचा पत्ता, म्हणजे डोमेन, मात्र परवान्यात येत नाही. विकिट्रॅव्हल हे सगळ्यांनी मिळून लिहिलेलं प्रवासाच्या माहितीचं संकेतस्थळ २००६ मध्ये इंटरनेट ब्रँड्स या कंपनीने विकत घेतलं. २०१२ मध्ये संपादक मजकुरासह बाहेर पडले आणि जानेवारी २०१३ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या छत्राखाली त्यांचं विकिव्हॉयेज सुरू झालं; जुनं नाव आणि डोमेन कंपनीकडेच राहिलं. म्हणून पहिली जाहिरात लावण्याआधीच डोमेन समुदायाच्या ना-नफा संस्थेच्या नावावर करून घ्यावं, कारण उत्पन्न सुरू झाल्यावर ते सोडायला मालक सहसा तयार होत नाही.