अमेरिकी कुटुंब

अमेरिकेच्या जनगणनेत कुटुंब म्हणजे जन्म, विवाह किंवा दत्तकविधान यांमुळे नातेवाईक असलेल्या, एकाच घरात राहणाऱ्या दोन वा अधिक व्यक्ती. लग्नाशिवाय राहणारे निपुत्रिक जोडपे यात मोजले जात नाही, म्हणून घरांचे आणि कुटुंबांचे आकडे एकमेकांत मिसळू नयेत.

कमावता नवरा, घर सांभाळणारी बायको, उपनगरातले घर हे ‘पारंपरिक’ चित्र खरे तर दुसऱ्या महायुद्धानंतरचे. १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांना सरकारी हमीवर गृहकर्जे मिळाली, कारखान्यांत पगार बरे होते आणि लग्ने लवकर होऊ लागली. १९५६ मध्ये पहिल्या लग्नावेळी वधूंचे मध्यक वय (निम्म्या वधू ज्याहून लहान असतात ते) २०.१ वर्षे होते. आज ते २८ च्या पुढे आहे. या सुबत्तेत सगळ्यांना वाटा नव्हता. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउन या नव्या उपनगराच्या सुरुवातीच्या भाडेकरारांतच गौरेतरांना मनाईचे कलम होते.

कायदा घरात किती खोल शिरतो, याचा नमुना कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल खोऱ्यात दिसतो. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे शेतीसाठी आलेल्या पंजाबी पुरुषांना स्थलांतरावरच्या १९१७ च्या निर्बंधांनंतर गावाकडून बायका आणणे जवळपास अशक्य झाले. गोऱ्या स्त्रीशी विवाहाला राज्याचा कायदा आड येई. परवाना देणारा कारकून वधूवरांचा रंग पाहून निर्णय घेई. त्याच्या नजरेत पंजाबी आणि मेक्सिकन दोघेही ‘तपकिरी’, म्हणून मेक्सिकन स्त्रीशी लग्नाचा परवाना मिळे. त्यातून शीख वडील, कॅथलिक आई आणि घरात स्पॅनिश बोलणारी मुले अशी कुटुंबे उभी राहिली. आंतरवंशीय विवाहबंदी देशभर रद्द व्हायला १९६७ उजाडले. समलिंगी विवाहाला देशभर मान्यता २०१५ मध्ये मिळाली.

कॅलिफोर्नियात १९७० पासून कुणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळू लागला, इतर राज्ये मागोमाग आली. ‘निम्मी लग्ने मोडतात’ हे विधान अनेकदा एका वर्षाच्या घटस्फोटांना त्याच वर्षीच्या लग्नांनी भागून केले जाते. हा हिशेब चुकीचा, कारण मोडणारी लग्ने निरनिराळ्या वर्षांतली असतात. हजार लोकसंख्येमागचे घटस्फोट १९८० च्या सुमारास पाचांवर होते, ते आता अडीचच्या आसपास आले आहेत. मात्र लग्न करणे आणि टिकवणे हे आता पदवीधर, सुस्थितीतल्या वर्गात अधिक आढळते.

बाळंतपणासाठी १९९३ च्या संघीय कायद्याने १२ आठवडे रजा मिळते, पण बिनपगारी. त्यासाठी मालकाकडे किमान ५० कामगार आणि आपली वर्षभराची नोकरी, १,२५० तासांचे काम लागते. अर्धवेळ काम करणारी आई अनेकदा इथेच गळते.

अमेरिकेतल्या मराठी घरांना जाचते ती व्हिसाची अट. एच-४ (नोकरीच्या एच व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदारांचा व मुलांचा व्हिसा) वरच्या जोडीदाराला नोकरीची मुभा २०१५ पासून आहे, तीही मुख्यतः ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोचला असेल तरच. त्याच व्हिसावरच्या मुलाला मात्र २१ वर्षे पूर्ण होताच स्वतःचा वेगळा व्हिसा मिळवावा लागतो, नाहीतर देश सोडावा लागतो.