नांदूरमध्यमेश्वर : पुराचे पाणी आणि पक्षी

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी दगडी बंधारा बांधला गेला. त्याच्या मागे वर्षानुवर्षे गाळ साचून उथळ पाणी, बेटे आणि दलदल तयार झाली. १९८६ मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले. रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेले हे महाराष्ट्रातील पहिले ठिकाण.

इथला पूर निफाडच्या पावसाने येत नाही. निफाडला पाऊस बेताचाच. तो कोसळतो त्र्यंबकेश्वर-इगतपुरीकडे. गंगापूर धरणातून विसर्ग सुटला की नाशिककर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले ते पाहतात. तेच पाणी, दारणा धरणाचा विसर्ग मिळून, पुढे सायखेडा-चांदोरीवरून या जलाशयात येते.

भर पुरात बदके किंवा चिखलपक्षी येथे फारसे टिकत नाहीत, कारण तळ त्यांच्या आवाक्याबाहेर जातो. हा काळ पाणवनस्पतींवर घरटे करणाऱ्यांचा असतो: टिबुकली, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी. लांब शेपटीच्या कमळपक्ष्यात मादी अंडी घालून निघून जाते आणि नर ती उबवतो. घरटे बुडू लागले तर अंडी ढकलत, ओढत दुसऱ्या पानावर नेतो.

खरी गर्दी पाणी ओसरताना होते. बुडालेले गवत कुजते, त्यावर किड्यांच्या अळ्या आणि गोगलगायी पोसतात, मासे उरलेल्या डबक्यांत कोंडले जातात. पाण्याच्या खोलीनुसार पक्ष्यांची वाटणी ठरते. ओल्या चिखलात तुतवार, घोटाभर पाण्यात शेकाट्या, त्यापुढे चोचीने चाचपत मासे पकडणारे चित्रबलाक आणि चमच्यासारख्या चोचीचे चमचे पक्षी. डोके बुडवून खाणारे तलवार बदक व थापट्या यांनाही उथळच पाणी लागते. खोल पाण्यात बुडी मारणारे वारकरी पक्षी आणि पाणकावळे. म्हणून पक्ष्यांसाठी पाणी किती आहे यापेक्षा ते किती संथपणे उतरते हे अधिक महत्त्वाचे आहे.

हा वेग आता निसर्गाच्या हाती उरलेला नाही. बंधाऱ्यावरून निघणाऱ्या कालव्यांची आवर्तने, म्हणजे पाण्याच्या पाळ्या, पिकांच्या गरजेप्रमाणे सुटतात, आणि ती गरज खरीच आहे. पण पाणी झपाट्याने उतरले तर चिखल पक्ष्यांनी टिपण्याआधीच वाळतो. उलट, उन्हाळ्यात वरच्या धरणांतून अचानक पाणी आले तर उघड्या काठावरची टिटवीची अंडी वाहून जातात. मोठ्या पुराचा एक फायदा मात्र नक्की आहे: सांडपाण्यावर माजलेली जलपर्णी तो बंधाऱ्यावरून वाहून नेतो आणि हिवाळी पाहुण्यांसाठी पाणी मोकळे होते.