हप्ते थकले असतील तर: आधी कोणाचे भरायचे?

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हप्ते मागे पडू लागले की बहुतेक घरांत एकच पद्धत सुरू होते. ज्याचा तगादा जास्त, त्याचे पैसे आधी. मोबाईल अ‍ॅपवाल्याचे दिवसाला आठ-दहा फोन येतात म्हणून त्याचा हप्ता जातो. गृहकर्ज देणारी बँक महिनाभर फक्त एसएमएस पाठवते म्हणून ती मागे राहते. पतसंस्थेचे संचालक ओळखीचे असतात, ते थांबतील असे वाटते.

ग्राहकांचे कर आणि दुकानांचे हिशेब पाहताना आम्हाला हे वारंवार दिसते, आणि आमचे ठाम मत आहे की गाडी इथेच रुळावरून घसरते. कोण किती ओरडतो यावर क्रम ठरवू नका. न भरल्यास काय जाईल आणि महिन्याला व्याज किती जाते, या दोन गोष्टींवर ठरवा. हे पत्रक त्यासाठीच आहे.

सगळे एका कागदावर

एका रविवारी घरातल्या सगळ्या कमावत्या माणसांनी एकत्र बसा. नवऱ्याने बायकोपासून किंवा मुलाने वडिलांपासून लपवलेले एक तरी कर्ज बहुधा असतेच. ते त्या दिवशी बाहेर येऊ द्या आणि त्यावर भांडू नका. गृहकर्ज, सोनेतारण, पतसंस्था, क्रेडिट कार्ड, अ‍ॅप, हातउसने, किराणा दुकानाची उधारी, उचललेल्या भिशीचे राहिलेले हप्ते, सारे लिहा. प्रत्येकासमोर चार आकडे हवेत: आज किती देणे आहे, वर्षाला व्याजदर किती, हप्ता किती आणि कोणत्या तारखेला जातो. पाचवा रकाना जामीनदाराचा किंवा तारणाचा.

व्याजदर माहीत नसेल तर कर्ज खात्याचा उतारा मागा. अ‍ॅपवाले अनेकदा ‘महिना फक्त ३ टक्के’ म्हणतात. ते वर्षाला ३६ टक्के होतात, वर प्रक्रिया शुल्क वेगळे. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा तुमचा पूर्ण पतअहवाल फुकट द्यायचा असतो. तो काढलात तर विसरलेले कर्ज किंवा तुम्ही कधी घेतलेच नाही असे कर्जही सापडते. अहवालात चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे.

एक घर, आकड्यांसह

समजा, नवरा-बायको मिळून महिना ४५,००० रुपये घरात येतात. घरखर्च काटकसर करून २१,५०० रुपये. देणी अशी:

गृहकर्जाचा हप्ता १३,५००, एक हप्ता थकलेला. पतसंस्थेचे १,२०,००० रुपये १४ टक्क्यांनी, तीन वर्षांची मुदत, हप्ता ४,१००, दोन जामीनदार. अ‍ॅपचे २५,००० बाकी, हप्ता ३,२००. सोनेतारण ६०,००० रुपये १२ टक्क्यांनी, महिन्याचे व्याज ६००. क्रेडिट कार्डावर ८०,००० थकबाकी, ‘किमान देय’ ४,०००.

एकूण २५,४०० रुपये. हातात उरतात १९,६०० आणि खर्च आहे २१,५००. दरमहा १,९०० रुपये कमी पडतात आणि ते कार्ड घासून भागवले जातात.

आता कार्डाचे बिल जवळून पाहा. महिना साडेतीन टक्क्यांनी ८०,००० वर व्याज २,८००. व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५०४. तुम्ही भरलेल्या ४,००० पैकी ३,३०४ रुपये यातच गेले आणि मुद्दल फिटले अवघे ६९६. त्याच महिन्यात १,९०० ची नवी खरेदी झाली. म्हणजे नेमाने ‘किमान देय’ भरूनही कर्ज १,२०० रुपयांनी वाढले. शिवाय मागची बाकी पूर्ण भरली नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज लागते. या घरात फोन अ‍ॅपवाल्याचे येत होते, पण घर पोखरत होते ते कार्ड. ते गप्प होते, कारण किमान रक्कम वेळेवर जात होती.

घरातले दागिने अडीच लाखांच्या आसपासचे असतील तर मार्ग आहे. सोनेतारण ६०,००० वरून १,५५,००० करून घ्यायचे. वाढीव ९५,००० मधून कार्ड पूर्ण फेडायचे, गृहकर्जाचा थकलेला हप्ता आणि त्यावरचा दंड भरायचा. सोन्याचे व्याज ६०० वरून १,५५० होते, पण कार्डाचे ४,००० थांबतात. महिन्याचे देणे २२,३५० वर येते आणि खर्च भागून १,१५० रुपये उरतात. हे १,१५० सोन्याच्या मुद्दलात भरत राहायचे. अ‍ॅपचे कर्ज साधारण नऊ महिन्यांत संपते, मग त्याचे ३,२०० सुद्धा सोन्याकडे वळवायचे. असे चालू ठेवले तर पतसंस्था आणि सोने दोन्ही साधारण तीन वर्षांत मोकळे होतात. सोनेतारणाची मुदत बहुधा एक वर्षाची असते. दर वर्षी व्याज पूर्ण भरून नूतनीकरण करायला विसरू नका, नाहीतर लिलावाची नोटीस येते.

जुने फेडायला नवे कर्ज घेऊ नये, असे आम्ही एरवी सांगतो. इथे सांगितले ते दोन अटींवर: दर निम्म्याहून खाली येतो आहे, आणि जुने कार्ड त्याच महिन्यात बंद होणार आहे. दुसरी अट पाळली नाही तर वर्षभरात सोनेही गहाण आणि कार्डही भरलेले, अशी पाळी येते. कार्ड पूर्ण फेडल्यावरही पुढच्या बिलात उरलेल्या दिवसांचे व्याज येते. तेवढे भरून कार्ड बंद करण्याचा अर्ज द्या. बाकी काही नसेल तर कामाच्या सात दिवसांत बँकेने ते बंद करायचे असते, नाहीतर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात.

मग क्रम कसा?

धान्य, वीज, औषधे, मुलांची फी आणि आरोग्य विम्याचा हप्ता सगळ्यात आधी. हे बाजूला ठेवून कोणाचेही कर्ज फेडू नका. घर चालले तरच पुढचे हप्ते जातील.

त्यानंतर गृहकर्ज. हप्ता थकल्यापासून ९० दिवस उलटले की खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक, ठरते. ही रेषा फार महत्त्वाची आहे. ९० दिवसांच्या आत एक हप्ता भरला तरी खाते सावरता येते. एकदा एनपीए झाले की सगळी थकबाकी भरल्याशिवाय ते परत नियमित होत नाही. पुढे बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊ शकते आणि नंतर घराचा ताबा मागू शकते. नोटीस आली तर पाकीट न फोडता कपाटावर टाकू नका. तिच्यावर लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते.

मग जामीनदार असलेले कर्ज. पतसंस्थेला दिवाणी कोर्टात जायची गरज नसते. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळतो आणि त्यावर जप्ती निघते, तीही कर्जदाराइतकीच जामीनदारावर. तुमच्यासाठी सही करणारा मेहुणा किंवा शेजारचे गुरुजी यांच्या पगारातून कपात सुरू झाली तर ते नाते पुन्हा जुळत नाही. पैशांपलीकडचे हे नुकसान आम्ही फार मोठे मानतो.

यानंतर जे उरेल ते सगळ्यात महाग व्याजाच्या कर्जात. अ‍ॅप आणि कार्ड इथे येतात. नातेवाइकांचे बिनव्याजी हातउसने सर्वांत शेवटी, पण त्यांना आजच भेटून कधी देणार ते सांगा. किराणा दुकानदारालाही दरमहा ठरावीक पाचशे रुपये द्या आणि नवी खरेदी रोखीने करा.

बँकेशी बोलणे

थकल्यावर फोन बंद ठेवण्यापेक्षा थकण्याआधी शाखेत जाणे कधीही चांगले. आणि पहिली मागणी अगदी साधी ठेवा: तारीख बदलून द्या. आम्ही पाहिलेल्या बाऊन्स हप्त्यांपैकी बरेच पैशांअभावी नव्हे, तर हप्ता ५ तारखेला आणि पगार ७ ला, म्हणून परत गेलेले असतात. अशा वेळी तुमची बँक आणि कर्ज देणारी संस्था, दोन्हीकडून शुल्क लागते. अर्ज असा लिहा:

“माझा पगार दर महिन्याच्या ७ तारखेला जमा होतो. हप्त्याची तारीख ५ ऐवजी १० करावी. सध्या एक हप्ता थकीत असून तो पुढील तीन महिन्यांत समान भागांत भरण्याची तयारी आहे. थकबाकीवरील दंड कमी करण्याबाबत विचार व्हावा.”

दोन प्रती काढा, एका प्रतीवर पोच आणि शिक्का घ्या. दंडाबद्दल एक नियम माहीत असू द्या: २०२४ च्या एप्रिलपासून नव्या कर्जांवर बँका आणि वित्तसंस्थांना जादा दराचे ‘दंडव्याज’ लावता येत नाही. दंड स्वतंत्र शुल्क म्हणून घ्यायचा आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवायचे नाही. खात्याचा उतारा आमच्याकडे आणा, असे काही चढवले आहे का ते आम्ही तपासून देऊ.

गृहकर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो. खरी अडचण असेल तर घ्या, पण एकूण व्याज वाढते हे लक्षात ठेवा आणि दिवस पालटले की हप्ता पुन्हा वाढवा. बदलत्या दराच्या गृहकर्जात मुदतीपूर्वी पैसे भरले तर वैयक्तिक कर्जदाराला शुल्क लागत नाही, त्यामुळे बोनसचे दहा हजारही थेट मुद्दलात टाकता येतात.

वसुलीवाले आणि सावकार

वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना किंवा कामाच्या ठिकाणी बदनाम करणे, हे सारे रिझर्व्ह बँकेच्या नियमांविरुद्ध आहे. कर्जाच्या अ‍ॅपला तुमच्या मोबाईलमधले संपर्क, फोटो किंवा कॉलची नोंद वाचायची परवानगी नाही. एखादा फोटो बदलून पसरवण्याची धमकी देत असेल तर पैसे पाठवू नका. स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते, माहितीसाठी १४४४८.

एजंटाच्या हातात रोख कधीच देऊ नका. पैसे कर्ज खात्यातच भरा.

महिना १० टक्क्यांच्या खासगी सावकारीत अडकला असाल तर लाजू नका, आम्हाला सांगा. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. परवाना असलेल्यालाही चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे होते. अवैध सावकारीत खरेदीखत करून गेलेली जमीन १५ वर्षांच्या आतली असेल तर ती परत मिळण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. कोऱ्या स्टँपपेपरवर किंवा कोऱ्या चेकवर सही मात्र कोणालाच देऊ नका.

तडजोड करताना

थकलेल्या कार्डावर ‘निम्म्यात मिटवू’ असा फोन येतो. मोह होतो, पण तडजोडीनंतर पतअहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढे घर किंवा मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज मागताना तो आडवा येतो. पूर्ण फेड शक्य असेल तर तीच करा. अजिबात शक्य नसेल तर तडजोड घ्या, मात्र रक्कम, तारीख आणि ‘यापुढे बाकी नाही’ हे लिहिलेले पत्र संस्थेच्या अधिकृत ईमेलवर किंवा लेटरहेडवर आल्याशिवाय रुपयाही भरू नका. प्रकरण कोर्टात असेल तर लोकअदालतीत ठेवण्याची विनंती करा. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकुमाइतकाच बंधनकारक असतो.

कर्ज फिटले की बेबाकी दाखला घ्या. घराची मूळ कागदपत्रे बँकेने ३० दिवसांत परत द्यायची असतात, तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे.

भविष्य निर्वाह निधी मात्र कार्ड फेडण्यासाठी मोडू नका. कर्ज देणाऱ्या कोणालाही त्यावर जप्ती आणता येत नाही. म्हातारपणाचा तो एकच सुरक्षित पैसा अनेक घरांत आहे आणि तोच आधी काढला जातो, हे पाहून आम्हाला वाईट वाटते.

आमच्याकडे येताना

वरचा कागद, सहा महिन्यांचे बँक पासबुक किंवा उतारा, प्रत्येक कर्जाचे मंजुरीपत्र, कार्डाची शेवटची तीन बिले, आलेल्या नोटिसा आणि पगाराची पावती घेऊन या. मंजुरीपत्र हरवले असेल तर शाखेत नक्कल मिळते, त्यासाठी थांबू नका. शक्यतो दोघे मिळून या. पहिल्या बैठकीचे आम्ही काही घेत नाही. बँकेला द्यायचा अर्ज इथेच लिहून देतो, आणि लागले तर शाखेत तुमच्याबरोबरही येतो.